सहा नंबरचा ड्रम

चाळ विकत घ्यायची असेल तर कागदांवर भुलू नये. पाण्याच्या दिवशी जावं आणि नळासमोरचे ड्रम मोजावेत. विकणारा कागदावर वाट्टेल तेवढे भाडेकरू बसवतो, पण यवतमाळच्या उन्हाळ्यात रांगेत खोटा ड्रम लावून दाखवा बरं! लोक डोकं फोडतील. फरहानाला हे शहाणपण कुणी शिकवलं नव्हतं. शिवणकाम करणारी बाई ती, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, एवढंच तिला ठाऊक.

तलाकनंतर ती भावाकडे, नासिरकडे राहत होती. भाऊ गुणाचा, पण घर भावजयीचं. नाहिद रोज एकदा तरी ऐकवायचीच, "बाजी, सोताचं घर झालं की तिथं मनासारखं करजा." मेहेरची रक्कम, दागिने, शिवणाचे पैसे, सगळं तिनं एकाच गोष्टीसाठी राखलं होतं. जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही असं छप्पर, आणि म्हातारपणी हात पसरायला लागू नये एवढं भाडं.

तेवढ्यात सदाशिवरावांची दारव्हा रोडवरची आठ खोल्यांची चाळ विकायला निघाली. किंमत इतकी कमी की तिलाच शंका आली. कर्जासाठी ती बँकेत गेली. तिथला पियुष सरळ माणूस होता.

"ताई, बँक सगळी रक्कम देत नसते, काही हिस्सा तुमच्या पदरचा लागेल. आणि आठही खोल्या भरलेल्या धरून हिशोब करू नका. घरपट्टी काढा, दुरुस्ती काढा, एक खोली कायम रिकामी धरा. एवढं करून हप्ता सुटला आणि चार पैसे उरले, तरच घ्या. नाहीतर नाद सोडा."

हिशोब सुटत होता, पण कसाबसा. सात खोल्यांचं भाडं आलंच पाहिजे आणि आठवीत तिनं स्वतः राहायचं. दुसरी एकही खोली रिकामी पडली की दागिन्यांसकट सगळं पाण्यात.

पाण्याच्या दिवशी ती चाळीत गेली. ड्रम बरोबर आठ निघाले. पण सहा नंबरच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं. आणि नवल म्हणजे, पाणी आल्या आल्या बायांनी सगळ्यांत आधी त्याच खोलीचा ड्रम भरला आणि कुलपासमोर नेऊन ठेवला. पाण्यापायी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया, पण तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

"मावशी, इथं कोण राह्यते?" तिनं शेजारच्या धनीबाईला विचारलं.

धनीबाईनं पदर तोंडाला लावला. "बिजलीबाई. दोन वर्सं झाले तिले जाऊन. मे महिना होता. नळावर भांडण झालं, आमी तिचा नंबर मोडला. रागारागानं आत गेली अन् कडी लावली. भर दुपारी लोटा वाजवत होती दारावर, ठण ठण. मले ऐकू येत होतं ना बाई! म्हटलं रुसली, वाजवू दे. सांजेले दार तोडलं. लोटा हातातच होता. कोरडा."

"अन् हा ड्रम?"

"तवापासून पयला मान तिचा. सांजेपर्यंत रिकामा होते. कोन नेते, इचारू नका. त्या दारापुढून आमी एकटं जात नाही."

फरहानानं मनात हिशोब मांडला. म्हणजे सहा नंबर कुणी भाड्यानं घेणार नाही, मरेपर्यंत. स्वस्ताईचं कारण कळलं. घ्यायची असेल तर तिथं तिलाच राहावं लागणार होतं. घरी परतली तर नाहिदनं तिची मशीन उचलून अंगणात ठेवली होती. पाहुणे येणार म्हणे. दुसऱ्या दिवशी फरहानानं सही केली.

भीती वाटली नाही असं कोण म्हणतं? कुलूप काढून ती बराच वेळ उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कोनाड्यात लोटा तसाच होता. तिनं तो हलवला नाही. "बाई," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "तू माझ्या आधीची. मी तुले काढत नाही. मलेही काढू नको."

त्यानंतर रोज भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, कोनाड्याखालची फरशी ओली दिसायची. फरहाना तिकडे पाठ करून मशीन चालवायची. दोन्ही ड्रम रांगेत लावायची, पहिला बिजलीबाईचा, मग स्वतःचा.

मे उजाडला. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली होती. झळा येतात म्हणून तिनं दाराला कडी लावली. टिनाखाली खोली भट्टीसारखी तापली होती. पाणी प्यायला उठावं, उठावं म्हणता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मशीनवरून खाली कोसळली.

ठण ठण ठण.

चाळीतली सातही दारं उघडली. धनीबाई अनवाणी धावली, तापलेल्या फरशीवरून, हातात मुसळ. "या वक्ती नाही! या वक्ती नाही मरू देत!" ती ओरडत होती आणि दारावर घाव घालत होती. कडी तुटली.

फरहाना शुद्धीवर आली ती दवाखान्यात. अजून थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती, डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं लोटा वाजवला बाई," धनीबाई तिचा हात चोळत म्हणाली. "अन् ओढणी ओली करून कपाळावर घेतली, तेही बरं केलं."

"मावशी, मी कुठं वाजवला? मी तर पडली ते पडलीच. ओढणी तर खुंटीवर होती."

धनीबाईचा हात थांबला. मग ती ढसाढसा रडायला लागली. "आमी नाही उठलो तिच्यासाठी," एवढंच म्हणत राहिली.

पावसाळ्यानंतर पियुष बँकेच्या पाहणीला आला. हप्ते वेळेवर जात होते. त्यानं खोल्यांवरून नजर फिरवली. "ताई, सहा नंबरचं भाडं येत नाही, म्हणजे ती रिकामी मांडू ना?"

"रिकामी नका मांडू," फरहाना म्हणाली. "आम्ही दोघी राहतो तिथं."

पियुषनं आत डोकावलं. खाट एकच होती. कोनाड्याखाली नुकतेच उमटलेले ओले पाय दिसत होते, आणि फरहाना तर चपला घालून त्याच्या शेजारी उभी होती. त्यानं कागदावर सहा नंबर भरलेला मांडला. नळाला पाणी आलं होतं आणि धनीबाई पहिला ड्रम ओढत नेत होती.