चौकटीवरची रेघ

नदीकाठच्या सखल वस्तीतून महामार्ग जाणार होता. मातीचा भराव घालून नेला तर स्वस्त, पण पुराचं पाणी वस्तीतच कोंडणार. खांबांवरून नेला तर पाणी खालून निघून जाणार. भराव की खांब, हे ठरणार होतं पर्यावरणाच्या अहवालावर, आणि त्यातलं पुराचं प्रकरण ताईकडे होतं. कचेरीत ती सगळ्यांचीच ताई. वस्तीत मात्र एकाचीच. तिचा धाकटा भाऊ अजून वडिलांच्या घरात राहत होता.

जुन्या पुराच्या खुणा शोधत ती दारोदार फिरली. खुणा राहिल्या होत्या कुठे? पाणी चढतं म्हटलं की भाडेकरू फिरकत नाहीत, म्हणून घरोघरी भिंती रंगवून सगळे साळसूद. "पूर? छे गं, पायसुद्धा ओले झाले नाहीत," असं छपरावर बसून रात्र काढलेल्या शेजारच्या आजींनीही ठणकावून सांगितलं.

शेवटी ती भावाकडे गेली आणि शिरताशिरताच कपाळ दाणकन चौकटीवर आपटलं.

"या वयात उंची वाढतेय वाटतं?" भाऊ हसला.

"आणि तुझी अक्कल आहे तेवढीच," ती कपाळ चोळत म्हणाली.

तिच्या लग्नानंतर आलेल्या पुरात वडिलांनी दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओढलेली पाण्याची रेघ तशीच होती. शेजारी दोघा भावंडांच्या उंचीच्या रेघा. तिने जमिनीपासून टेप लावली. पाणी कमरेला. अहवालात तिने 'एका रहिवाशाचं घर' एवढंच लिहिलं. आपलं माहेर म्हणून कशाला सांगा, उगाच फाटे फुटायचे.

कमरेइतकं पाणी म्हणजे भराव चालेल, तळाशी पाणी जायला मोठे नळ टाकले की झालं. मंजुरी आली.

मातीचे ट्रक सुरू झाले तेव्हा ती पुन्हा माहेरी गेली. भावजयीने दिलेला चहा घेऊन दारातच चौकटीपाशी उभी राहिली, आणि लग्नाआधीची आपली उंचीची रेघ तिला दिसली. ती तिच्या खांद्याला लागत होती.

"उतारवयात माणूस खुजं होतं म्हणतात. मी बरी वाढले!"

"तुम्ही कुठल्या वाढताय, ताई," भावजय म्हणाली. "चौकट खाली आलीय. पुरात तिचे पाय कुजले, सुतारानं कापून पुन्हा बसवली. म्हणून तर येईल त्याचं टाळकं आपटतं."

म्हणजे वडिलांची रेघही तेवढीच खाली आलेली. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल उघडला.

"घर तुमचं, भाऊ तुमचा, आणि मंजुरीनंतर पाणी अचानक छातीपर्यंत? आधी का नाही बोललात?"

त्यांनी अहवाल मिटला.

"आता तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या कुणाच्या घरची खूण आणा, मग बघू."

ती आजींकडे गेली, हात जोडले.

"एवढं खरं सांगा."

"अगं, कालच नवा भाडेकरू आलाय," आजी कुजबुजल्या आणि दार लोटून घेतलं.

भावाकडे येऊन तिने कोळशाने चौकटीलगतच्या भिंतीवर खरी रेघ ओढली. छातीशी.

"आणि भराव झाल्यावर?" त्याने विचारलं. आज तो हसत नव्हता.

तिने कोळसा वर नेला. चौकट संपली, तरी हात थांबेना. मग तिने स्टूल मागितलं.