आक्काचे तीन मिस कॉल

फोन चार्जिंगला लावून झोपलो, आणि सकाळी उठून बघतो तर तो घरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखा वागायला लागला होता. घड्याळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेलं. टॉर्चचं बटण एकदा ओढलं की दिसायचं, ते आता दोनदा ओढल्याशिवाय दर्शन देईना. फोन आला की हिरवं बटण वर सरकवायचं ही माझ्या बोटाची सवय, तर ते आता आडवं सरकवायचं झालं. त्या दिवशी मी साडूचा फोन तीनदा कट केला. साडू अजून ते धरून बसलाय.

सुनेला विचारलं. रेश्मा अंगणवाडीत सेविका आहे, सगळ्या नोंदी फोनवर करते, तिला यातलं कळतं. म्हणाली, "बाबा, अपडेट झालंय."

"मला न विचारता?"

"विचारतं की. तुम्हीच कधीतरी 'ठीक आहे' दाबलं असणार."

हे मला सगळ्यात झोंबलं. करायचं त्यांनी, आणि शेवटी आपणच हो म्हणालेलो असतो.

मी आसाराम, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक सगळी अकोले डेपोत. बदल मला नवे नाहीत. आमच्याकडे तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असायचा. कुठल्या कप्प्यात कितीचं तिकीट हे बोटांना ठाऊक. भरल्या गाडीत, घाटाच्या वळणावर, तोंडाने "पुढं सरका" म्हणत मी न बघता तिकीट फाडून हातात देत असे. मग मशीन आलं. शिव्या मीही घातल्या. पण मशीन येण्याआधी डेपोत नोटीस लागली, दोन दिवस शिकवलं, समजलं म्हणून सही घेतली. गाडीची वेळ पाच मिनिटांनी बदलली तरी आधी फळ्यावर लिहायचे, कारण त्या पाच मिनिटांवर कुणाचं तरी काहीतरी टांगलेलं असतं. या फोनवाल्यांच्या गावात फळाच नाही.

माझं काय टांगलेलं होतं ते सांगतो.

माझी थोरली बहीण छबूबाई, आमची आक्का, राजूरच्या पुढे डोंगरात राहते. बारा वर्षांपूर्वी दाजी गेले आणि त्याच सुमाराला तिचे कानही गेले. मूलबाळ नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "माज्या भाताला कोन बघंल?" भात तसं शेजारचा वैजनाथ बघतो, वाट्याने. पण ती येत नाही. आमचे वडील म्हणायचे, छबूचा पीळ सुंभ जळाला तरी राहील.

फोनवर बोलायची सोय नाही. एक तर तिकडे आवाज तुटतो, आणि न तुटता पोचला तरी तिला ऐकू येत नाही. पण रिंग पोचते, आणि तिचा बटणांचा फोन कमरेच्या पिशवीत थरथरला की तिला कळतं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून घेतलं. रोज सकाळी तिने एक मिस कॉल द्यायचा: बरी आहे. दोन दिले तर सवडीने येऊन जा. तीन दिले तर असशील तसा निघ. आणि मी उलटा एक दिला की कळलं. लोकांना आता बोलणं फुकट झालंय, मिस कॉल कोण देतो. आम्ही देतो. बारा वर्षांत तिने दोन दिले असतील पाच-सहा वेळा. तीन कधीच नाही.

मी फोन उघडला की तिच्या नावाच्या ओळी मोजायचो. एक मिस कॉल, एक ओळ. चष्मा लागत नसे, वाचायची गरज नसे. लाल खुणेची एक ओळ दिसली की चहाचा पहिला घोट आणखी बरा लागायचा.

अपडेटनंतर यादी एकदम आखूड झाली होती. मला वाटलं, चला, एवढं तरी साफसूफ करून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला आक्काचा मिस कॉल आला नाही. कधीकधी रेंज नसते. फोन घरी ठेवून मी दाढी करायला गेलो, तिथे गप्पा झाल्या, येताना भाजी घेतली. रेश्मा अंगणवाडीत होती. दहाला घरी आलो आणि फोन बघितला. 'आक्का', लाल खूण, एक ओळ. म्हटलं, आज उशिरा दिला म्हातारीने. उलटा एक दिला आणि पेपर वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी काही नाही. मी एक दिला, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. मग मात्र मी राजूरची गाडी धरली आणि राजूरहून जीप.

आक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. निवडत कसली, बोटांनी चाचपत होती. तिने मला बघितलं, म्हणजे कुणीतरी आलंय हे बघितलं, आणि मी जवळ गेल्यावर म्हणाली, "आलास व्हय." तेवढंच. उठून कोरा चहा टाकला. पाहुण्याला देतात तसा कपबशीत दिला. मला त्या घरात आजवर वाटीतच मिळायचा.

मी कानाशी ओरडून विचारलं, "मिस कॉल का दिला न्हाई?"

"दिला हुता की. तीन दिलं."

मग तिने सांगितलं, ते तिच्याच चालीत, न रागावता. त्या दिवशी गावात डोळ्यांचं शिबिर होतं. डाव्या डोळ्याने तर तिला आता उजेड-अंधारच कळतो, उजव्यातही मोतीबिंदू उतरलाय. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी नीट बघितलं नव्हतं. सकाळी आठला डॉक्टरांनी तपासलं, ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांना अकराला दवाखान्याची गाडी नेणार होती. नावं लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आजींना ऐकू येत नाही, सोबत घरचं माणूस असल्याशिवाय नेता येणार नाही. वैजनाथची सून लगेच म्हणाली, मी येते. आक्का तिला म्हणाली, "तू कशाला? माजा भाऊ हाय." आणि तीन मिस कॉल दिले.

दहाच्या पुढे पिशवीत फोन थरथरला. तिने सगळ्यांना दाखवला. म्हणाली, निघाला आसाराम. वैजनाथची सून म्हणाली, आजी, मी एकदा बोलून बघू का त्यांच्याशी? आक्काने बोलू दिलं नाही. "त्यानं उलटा दिलाय म्हनल्यावर इचारायचं काय त्यात?" गाडीत बाकीचे बसले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आक्काच्या शब्दावर ती गाडी साडेबारापर्यंत थांबली. मग गेली. आक्का दुपारच्या एसटीपर्यंत फाट्यावर बसून राहिली. एसटीतून चारजण उतरले, ते जवळ येईपर्यंत तिला कळत नव्हतं की त्यांत मी नाही.

माझा संताप झाला, आणि खरं सांगतो, तो तिच्यावर झाला. एकतीस वर्षांत माझ्या हिशेबाच्या शीटमध्ये चूक निघाली नव्हती. मी म्हटलं, "आक्का, यकच आला हुता. तुजी बोटं चुकली." आणि माझं म्हणणं खरं करायला खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि ती ओळ तिच्यासमोर धरली. तिला कुठली दिसते. पण धरताना अंगठा नावावर पडला आणि ओळ उघडली.

आत तीन होते. आठ एकतीस, आठ बत्तीस, आठ चौतीस. खाली माझा, दहा दहा. मागे यादीवर येऊन बघितलं तर बाहेर नावापुढे कंसात बारीक करड्या अक्षरात तीनचा आकडा. तो तेव्हाही तिथेच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं असणार की एका माणसाचे फोन वेगवेगळे कशाला दाखवायचे, एकत्र घडी करून ठेवू, लोकांना सोपं पडेल. त्याला आक्का माहीत नव्हती, त्याचा मी काय दोष काढू. काढतो, दोष काढतोच. पण चष्मा माझ्या खिशात होता हेही खरं आहे. रोज मी ओळ मोजत होतो, आक्काला मोजत नव्हतो.

आता हे तिला सांगायचं कसं? मी कानाशी तोंड नेलं. "आक्का, फोन बदलला."

तिने माझ्या हातातला फोन चाचपला. मागच्या बाजूला त्याला एक टवका उडालाय, तिच्याच उंबऱ्यावर पडून. तो तिच्या बोटाला लागला. म्हणाली, "त्योच तर हाय."

"त्योच हाय, पर आतून बदलला. आपोआप."

मी पुन्हा ओरडलो, हातवारे केले, तीन बोटं दाखवून ती एकात मिटवली. वैजनाथ गोठ्यातून बघत होता. जितकं समजावत होतो तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी आक्का म्हणाली, "आसू दे. तुजंबी वय झालं आता. न्हाई झालं यायाला, तर न्हाई झालं."

मी न केलेल्या गोष्टीची तिने मला माफी दिली, आणि केलेली तिला सांगता येईना. मला रडू आलं. तिला दिसलं नसावं.

मी म्हटलं, आत्ता चल, मी नेतो दवाखान्यात. तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीत तेच शिबिर होतं, तिथे तिने वैजनाथच्या सुनेला घेऊन नाव नोंदवलं होतं. "तू नगं येऊ. तू येनार म्हनलं की मी वाट बघत बसनार. येनार न्हाईस ह्ये ठाऊक आसलं, की बरं आसतं बघ."

दुपारच्या एसटीचा हॉर्न खाली फाट्यावर वाजला. मी उठलो नाही. गाडी गेल्यावर मागच्या टेकाडावर, जिथे आवाज जरा धरतो तिथे जाऊन, रेश्माला फोन लावला, म्हटलं, मी इथेच राहतोय नऊ दिवस. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तसा कंसातला आकडा मला माझ्या फोनवर रोज दिसतो. तुम्ही ओळी मोजता, हे मला माहीतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी तिने एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दोन शर्ट आणि माझ्या गोळ्या पाठवल्या.

पहिले तीन दिवस आक्का मला पाहुण्यासारखं वागवत होती. अंथरूण घालून द्यायची, पाणी हातात द्यायची. चौथ्या दिवशी मी शेळ्यांना चुकीचा पाला टाकला. तेव्हा मात्र तिने माझा उद्धार केला, बापाच्या नावापासून. "यकतीस वर्सं गाडीत बसून खाल्लंस, कळतंय काय तुला?" त्या संध्याकाळी चहा वाटीत आला.

पण नऊ दिवसांत तिने फोनचं नाव काढलं नाही. पिशवीत होता, बंद. मीही चालू कर म्हटलं नाही.

नवव्या दिवशी आम्ही तिघं वाडीत गेलो. मी, आक्का आणि तिचा हात धरून वैजनाथची सून. त्याच बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी आक्काचा कागद काढला. 'सोबतचे माणूस' पुढे वैजनाथच्या सुनेचं नाव होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही भाऊ ना? त्या दिवशी ज्यांच्यासाठी गाडी थांबवली होती ते?"

मी हो म्हटलं.

"मग तुमचंच नाव घालते. सख्खं माणूस असलेलं बरं." त्यांनी पेन उचललं आणि सुनेच्या नावावर टेकवलं.

आक्काला ऐकू काहीच गेलं नव्हतं. पण उजव्या डोळ्याला अजून जेवढं दिसतं तेवढ्यात तिला पेन हललेलं दिसलं. तिने हात पुढे करून ते नाव बोटाने झाकलं.

"ह्ये खोडू नगा," ती म्हणाली. "त्याचं खाली लिवा."

बाईंनी मला विचारलं, चालेल ना? सुनेने ओशाळून मान खाली घातली. मी म्हटलं, चालेल, तसंच लिहा.