फ्लेक्सची मागची बाजू

माझ्या लेकीला कॉलेज मिळायचं होतं, त्याच्या आधीच ती आमच्या फाट्यावर डॉक्टर झाली. तिच्या बापानं केली. नीटचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीत ज्वारी दळत होते, तर रतनबाई डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरीणबाईच्या आईनं आता दळण कशाला दळायचं. मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. मग कळलं, की फाट्यावर एसटीच्या थांब्याशेजारी भला मोठा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर आमची संस्कृती आहे.

आमचं गाव हिवरे बाजारच्या अलीकडं. दुधाचा धंदा घरोघरी आणि फ्लेक्सची हौस त्याहून जास्त. वाढदिवस असो, निवड असो, कुणी नवा ट्रॅक्टर आणलेला असो, फाट्यावर फ्लेक्स लागतोच. आमचे हे, म्हणजे ज्ञानेश्वर वाबळे, सकाळी टेम्पोतून वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून नगरच्या डेअरीला घालतात आणि उरलेला दिवस कार्यकर्ते असतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात हात जोडून उभे राहण्यात त्यांची हयात गेली. आता घरातच निमित्त मिळाल्यावर हा माणूस ऐकतोय कुणाला.

गिरणी बंद करून मी बघायला गेले. वरच्या रांगेत गावातले सगळे पुढारी, त्यात गोरक्षनाथ गॉगल लावून. गोरक्षनाथ म्हणजे यांचा जिगरी दोस्त, फ्लेक्स तोच छापतो, म्हणून त्याचा फोटो कुठल्याही फ्लेक्सवर फुकट असतो. मधे संस्कृती. तिचा फोटो नीटच्या अर्जासाठी काढलेला, दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून केस मागं ओढून बांधलेले, चेहरा घाबरलेला. खाली डाव्या कोपऱ्यात हे, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘डॉ. संस्कृती ज्ञानेश्वर वाबळे’.

मी विचारलं, निदान ‘भावी डॉक्टर’ तरी लिहायचं. तर म्हणाले, गोरक्षनाथनं तसंच लिहिलं होतं, मीच काढायला लावलं. भावी सरपंच, भावी आमदार, भावी सगळेच असतात, त्यात काय वजन राहतं.

संस्कृती संध्याकाळी नगरहून आली ती स्कार्फनं तोंड बांधूनच फाट्यावर उतरली. घरात येऊन पाणी प्यायली आणि मला एवढंच म्हणाली, “आई, मी नाही झाले तर तो फ्लेक्स कोण काढणार?”

तिला भीती होती ती उगाच नव्हती. नीटमध्ये मार्क चांगले पडणं वेगळं आणि त्या मार्कांवर मेडिकलला जागा मिळणं वेगळं. तिचे मार्क अगदी काठावरचे होते. आता अर्ज करायचा, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि एकामागून एक फेऱ्यांची यादी लागेल तशी वाट बघायची, एवढंच हातात होतं.

यांना हे कळत नव्हतं असं नाही, आणि पोरीसाठी काही करत नव्हते असंही नाही. दोन वर्षं ती क्लासला दुधाच्या टेम्पोतूनच गेली. तिला वेळेत सोडता यावं म्हणून यांनी फेरीची वाटच बदलली आणि डेअरीवाल्यांची बोलणी खाल्ली. अंगाला दुधाचा वास येतो म्हणून क्लासातली पोरं हसतात, हे तिच्या तोंडून एकदाच निघालं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सीटवर रोज धुतलेली चादर असायची. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, सगळ्या कागदांसाठी तहसीलच्या पायऱ्या यांनीच झिजवल्या. एवढं ज्याला कळतं त्याला फ्लेक्सवर काय छापावं हे कळू नये, याचाच मला संताप यायचा.

गावानं मात्र फ्लेक्स मनावर घेतला. दळण टाकायला आलेल्या बायका पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून संस्कृतीला हाका मारायच्या. रतनबाई तर गुडघा उघडा करून उंबऱ्यातच बसायच्या, म्हणायच्या, नुस्तं बघ तरी बाळा. पोरगी आधी हसायची. पहिल्या फेरीच्या यादीत तिचं नाव आलं नाही, तेव्हापासून हसणं बंद झालं. दुसऱ्या यादीतही आलं नाही, तेव्हा ती गिरणीच्या बाजूला यायचीच बंद झाली. श्रावण संपला, गणपती बसले, उठले, पोरगी मागच्या खोलीतून बाहेर नाही. एसटीनं कुठं जायचं म्हटलं तर फाट्यावर जावं लागतं आणि फाट्यावर तिचाच घाबरलेला चेहरा टांगलेला.

पुढच्या फेरीत जागा लागली, पण दातांच्या कॉलेजात. पसंतीक्रमात ती सगळ्यात शेवटी यांच्या आग्रहानं टाकलेली होती. आठवड्याच्या आत जाऊन घ्यायची, नाहीतर या वर्षापुरतं दार बंद. यांचा जीव भांड्यात पडला. पेढे आणायला निघाले होते.

संस्कृती म्हणाली, दातांचं शिक्षण वाईट नाही, पण मला ते करायचं नाही. मी परत एकदा परीक्षा देते.

“अगं, दाताचा डॉक्टर बी डॉक्टरच असतो,” हे म्हणाले. “फ्लेक्सवर कुठं लिव्हलंय कशाचा डॉक्टर ते?”

ती शांतपणे म्हणाली, “पप्पा, मी तुमचा फ्लेक्स खरा करण्यासाठी शिकू का?”

ती उठून आत गेली आणि त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलं तर घ्यायची, विचारलं तर हो किंवा नाही, त्यापुढं शब्द नाही. ज्या बापाला टेम्पोत क्लासातल्या सगळ्या गमती सांगत यायची, त्याच्याकडं ती बघेनाशी झाली. मेडिकलची जागा पुढच्या वर्षी मिळाली असती. पण बापलेकीत एकदा भिंत उभी राहिली तर ती कोण पाडणार, याची मला जास्त धास्ती वाटत होती.

संध्याकाळी हे गिरणीत येऊन पोत्यावर बसले. म्हणाले, “पुढच्या वर्षी बी न्हाई जमलं, तर मी कोन्त्या तोंडानं फाट्यावर जाऊ?”

माझं डोकंच फिरलं. गिरणी बंद केली आणि म्हटलं, “तुमचं तोंड तिथं छापलेलंच हाय, कोपऱ्यात. तिच्या तोंडाकडं बघा जरा. दोन म्हैने झाले, पोरगी उंबऱ्याबाहेर पडली न्हाई. तुमी फ्लेक्स लावला तवा तिला इचारलं हुतं का?”

ते पोत्यावरून उठले. पिठानं पांढरी झालेली विजार झटकत निघून गेले.

पुढचं मला रतनबाईंनी सांगितलं, आणि त्या बघितलेलं कधी कमी करून सांगत नाहीत. सकाळी फाट्यावर चहाच्या टपरीजवळ गर्दी असते, दूधवाले, शाळेची पोरं, नगरला कामाला जाणारे. त्या सगळ्यांसमोर यांनी टेम्पो उभा केला, टपावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. गोरक्षनाथ खालून ओरडला, काय झालं, ॲडमिशन गेलं का काय? टपरीवरचे सगळे वर बघायला लागले. हेच हे, ज्यांना चारचौघांत मान खाली घालायची म्हटलं तर ताप येतो. वरूनच म्हणाले, “ती डॉक्टर झालेली न्हाई अजून. मीच घाई केली. माझं चुकलं.” आणि दुधाच्या कॅनांमधे फ्लेक्स कोंबून निघून गेले.

घरी आल्यावर तो गोठ्यामागं चाऱ्यावर टाकायला घेऊन चालले होते. जुन्या फ्लेक्सचं आमच्याकडं तेच होतं, वैरण भिजत नाही. तेवढ्यात संस्कृती मागच्या दारात आली. रतनबाईंची बातमी तिच्यापर्यंत पोचली होतीच. म्हणाली, “तो मला पाहिजे.” यांनी तिथंच खाली ठेवला आणि बाजूला झाले.

तिनं तो खोलीत नेला, उलटा केला आणि भिंतीला खिळ्यांनी ठोकला. मागची बाजू पांढरी शुभ्र, भिंतभर. त्यावर ती मार्करनं लिहायला लागली. शाळेत दंगा केलेल्या पोरांसारखे गावचे सगळे पुढारी भिंतीकडं तोंड करून उभे, आणि त्यांच्या पाठीवर रसायनशास्त्र. मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात धरून बाहेर आले. किती महिन्यांनी हसले असेन.

ते वर्ष असंच गेलं. ती घरीच अभ्यास करायची आणि रविवारी नगरला सराव परीक्षेला जायची, टेम्पोतूनच. येता-जाता बोलणं नसायचं, पण सीटवर चादर धुतलेली असायची. मार्कर संपत आला की खिडकीत नवा ठेवलेला असायचा, लाल, निळा, हिरवा. तिनं कधी मागितला नाही, यांनी कधी दिला म्हणून सांगितलं नाही. ती आंघोळीला गेली की हे हळूच खोलीत जाऊन फ्लेक्ससमोर उभे राहायचे. एकदा मी पकडलं तर म्हणाले, अक्षर चांगलं हाय तिचं. कधी हृदयाचं चित्र असायचं, कधी किडनीचं. ओल्या फडक्यानं पुसलं तरी थोडं मागं राहायचंच, मग त्यावर नवीन. माझी गिरणी पुढं घरघरायची आणि ती आत मोठ्यानं पाठ करायची. रतनबाईंना मी आधीच तंबी दिली होती, गुडघा घेऊन आलात तर दळण मिळणार नाही.

दुसऱ्या वर्षी निकाल लागला तेव्हा हे टेम्पो धुवत होते. संस्कृतीनं मार्क मला सांगितले, त्यांना ऐकू जातील अशा आवाजात. काठावरचे नव्हते. यांनी हातातला पाइप खाली टाकला, परत उचलला आणि धुतलेलाच टेम्पो पुन्हा धुतला. गावात एका माणसाला सांगितलं नाही. गोरक्षनाथनं कुठून तरी ऐकलं आणि नवीन फ्लेक्सचं घेऊन आला, या वेळी सोनेरी अक्षरं म्हणाला. हे म्हणाले, “तिला इचार. ती न्हाई म्हनली तर न्हाई.” ती नाहीच म्हणाली.

पसंतीक्रम भरायला बसलो तेव्हा यांनी एकही कॉलेज सुचवलं नाही. तिच्या मागं उभे राहून नुसते बघत होते. या खेपेला तिनं दातांचं कॉलेज टाकलं नाही. दुसऱ्याच फेरीत तिला धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. मी गिरणीत मोठ्यानं रडले, गिरणी चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

जायच्या दिवशी नगरच्या स्टँडपर्यंत आम्ही टेम्पोनंच गेलो. यांनी पेटी एसटीत चढवली, खिडकीची जागा धरली, सीटवर चादर अंथरली. ती माझ्या गळ्यात पडली. यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “जाते पप्पा.”

“जाते न्हाई. येते म्हनावं,” हे म्हणाले.

“येते,” ती म्हणाली. गाडी सुटली. एवढंच झालं. मला वाटलं होतं, निदान आज तरी दोन शब्द जास्त बोलेल. वाटेत मी लेकीवर मनातल्या मनात चिडले होते. बापानं टपावर चढून सगळ्या गावासमोर चूक कबूल केली, अजून काय करायचं असतं माणसानं.

घरी आल्यावर मी तिची खोली झाडायला गेले. फ्लेक्स भिंतीवर होता, त्यावर शेवटचं लिहिलेलं तसंच. पण खाली उजव्या कोपऱ्यात हातभर भोक, कात्रीनं नीट चौकोनी कापलेलं, मागची भिंत दिसत होती. मी यांना हाक मारली. ते बघून वैतागले. म्हणाले, कायतरी गुंडाळायला कापला असंल, सांगितलं असतं तर प्लास्टिक आणून दिलं असतं, चाऱ्यावर टाकायला चांगला आला असता हा.

मी म्हटलं, जरा उलटा करून बघू. दोघांनी मिळून खिळे काढले आणि फ्लेक्स जमिनीवर पसरला. किती दिवसांनी ते सगळे चेहरे वर आले. वरच्या रांगेतले पुढारी जागच्या जागी होते. गोरक्षनाथ गॉगल लावून होता. मधे ती स्वतः, कान दाखवत. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं हे हात जोडून उभे होते, तिथं भोक होतं.

पोरगी बापाला घेऊन गेली होती. हे गुडघ्यावर बसले, त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि त्यांचे डोळे वाहत होते ते त्यांनी पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं उठले, माझ्याकडून हातोडी घेतली आणि फ्लेक्स परत होता तसा भिंतीला लावायला लागले, तिचं लिहिलेलं वर करून.

“हा चाऱ्यावर टाकायचा न्हाई,” ते म्हणाले.