हिरव्या खाणीची पहार

मी एक जुनी पहार आहे. मित्रांनो, रस्त्याच्या कामावर, विहिरीच्या काठी तुम्ही माझ्या बहिणींना पाहिले असेल, पण त्यांच्याशी ओळख करून घ्यावी असे तुम्हाला कधी वाटले नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. एक टोक चपटे, दुसरे अणकुचीदार आणि मध्ये सरळसोट लोखंड, यात पाहण्यासारखे आहेच काय! पण माझ्या आयुष्यात जे घडले ते ऐकण्यासारखे आहे, म्हणून सांगते.

एका मोडक्या मालट्रकच्या चाकांना जोडणाऱ्या आसापासून माझा जन्म झाला. लोहाराने मला भट्टीत लालबुंद केले, ऐरणीवर आडवे टाकले आणि तो व त्याची बहीण समोरासमोर उभे राहून आळीपाळीने घण घालू लागले. जन्मल्या जन्मल्या इतका मार खाणारे दुसरे कुणी नसेल. शेवटी कणखर करण्यासाठी मला पाण्यात बुडवले, तेव्हा मी चर्रकन ओरडले.

"पाणी चांगलं चढलंय हिला," लोहाराची बहीण म्हणाली. तेवढ्या एका वाक्याने माझ्या अंगाची आग शांत झाली.

मला घेऊन गेला तो दगडखाणीत काम करणारा एक माणूस. अंगाने अगदी काडी, पण त्याने हात लावला की न हलणारा दगडही हलायचा. म्हणून त्याला सगळे काडीपैलवान म्हणत. नवा कामगार दगडाशी झटून घामाघूम झाला की तो हसायचा. "अरे, दगडाशी कुस्ती नको खेळू. आधी त्याच्याभोवती फिर, त्याची फट बघ," म्हणायचा आणि त्या फटीत मला अलगद सरकवायचा.

सुरुंग उडाला की डोंगराला तडे जात. मग आमचे काम सुरू होई. मी तड्यात शिरायचे, काडीपैलवान माझ्यावर सगळा भार टाकायचा आणि दगड कुरकुरत सुटायचा. त्याची बायको खाली खडीच्या पाट्या वाहायची. वयाने मोठी माणसेही तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणते. आमच्या दगडाची घरे झाली, पूल झाले, दवाखान्याच्या भिंती झाल्या. आम्हाला त्याचा अभिमान होता. "ही पहार म्हणजे माझा तिसरा हात आहे," असे काडीपैलवान म्हणायचा तेव्हा मी उन्हात जरा जास्तच चमकायचे.

पण तिथली धूळ फार वाईट होती. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी माणसे संध्याकाळी पांढरीफटक होऊन घरी जात. काडीपैलवानाला खोकला लागला तो काही जाईना. पुढे खाणीतला चांगला दगड संपला. एका सकाळी कामगार आले तर फाटकाला कुलूप, यंत्रे गायब आणि मालकाचा पत्ता नाही. मागे उरला अर्धा खाल्लेला डोंगर आणि त्याच्या पोटातला एक भला मोठा खड्डा.

वस्तीतली माणसे पोटासाठी चारी दिशांना पांगली. काडीपैलवान दूरच्या शहरात रखवालदार म्हणून गेला. निघताना त्याने मला उचलून पाहिले आणि पुन्हा भिंतीशी टेकवून ठेवले. पहार घेऊन कोण रखवालदारी करणार?

मित्रांनो, काम करून झिजणे मला चालते. काम नसताना गंजणे मात्र फार जड जाते. मागच्या दाराची कडी मोडली होती, म्हणून ते बंद राहावे यासाठी मला त्याला टेकू म्हणून लावले. माझ्या एका टोकाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. येता-जाता सासूबाईंच्या, म्हणजे काडीपैलवानाच्या आईच्या, पायाला मी लागायचे आणि वर बोलणीही मीच खायचे. "मेली आडवी येते! भंगारात द्या हिला," असे त्या रोज म्हणत. वहिनीने मात्र मला दिले नाही. ती दिवसभर कुठे कुठे मोलमजुरी करून येई आणि घरात साचलेली खाणीची धूळ झाडत बसे. वारा सुटला की धूळ घरात येई, पाऊस पडला की चिखल उंबऱ्याशी येई. खाण बंद पडली तरी तिने आमचा पिच्छा सोडला नव्हता.

अशात एक दिवस खाणीवर एक तरुण बाई आल्या. आल्या आल्या गुडघ्यांवर बसून त्या दगडांतले वाळके गवत भिंगातून बघू लागल्या. झाले! संध्याकाळपर्यंत त्यांचे नाव गवतवाली बाई पडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक पाटी लागली. बंद खाण पुन्हा हिरवी करायची आहे, त्यासाठी पगारी माणसे हवीत, खाणीत काम केलेल्यांना आधी संधी, असे तिच्यावर लिहिले होते.

सासूबाईंना हसू आवरेना. "डोंगराला केस लावणार म्हणे! दगडाला पाझर फुटलाय का कधी?"

"फुटेल न फुटेल," वहिनी म्हणाली, "पगार तर मिळेल. आणि जमलंच, तर ही धूळ थांबेल."

मुलाखतीला लोक शाळेचे दाखले आणि जुन्या कामांच्या चिठ्ठ्या घेऊन गेले. वहिनीकडे यातले काहीच नव्हते. तिने दाराचा टेकू काढला, मला चिंध्यांनी घासले आणि खांद्यावर टाकून थेट बाईंच्या टेबलासमोर नेऊन उभे केले.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"माझ्याकडं दाखवायला एवढंच आहे. मला दगडाचं काम येतं. झाडाचं येत नाही, ते तुम्ही शिकवा."

बाई हसल्या. "मला झाडाचं येतं, दगडाचं येत नाही. म्हणजे जमेल आपलं." वहिनीला काम मिळाले आणि मला माझी मालकीण मिळाली.

मित्रांनो, उजाड जमीन पुन्हा जिवंत करायला किती तऱ्हेची माणसे लागतात, हे मला तेव्हा कळले. काही जण उतारावर दगडांचे छोटे बांध घालत, म्हणजे पावसाबरोबर माती वाहून जात नाही. काही जण लांबच्या रानात जाऊन बिया गोळा करत. कुणी रोपवाटिकेत रोपे वाढवत होते, कुणी गुरांपासून ती राखत होते. खड्ड्यातले पाणी किती चढले, किती उतरले, याची नोंद ठेवायलाही एक माणूस होता. खालच्या अंगाला मातीचा बांध घालून त्या खड्ड्याचे तळे केले होते. जास्तीचे पाणी वस्ती टाळून ओढ्याकडे जावे म्हणून बांधाच्या एका बाजूला दगडी वाट ठेवली होती. तिला सांडवा म्हणतात.

सासूबाईही फार दिवस घरी बसल्या नाहीत. "बसून बसून गुडघे धरलेत, जरा बघून येते," म्हणत त्या रोपवाटिकेत गेल्या आणि बिया निवडायच्या कामावरच चिकटल्या. किडकी बी त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि कामचुकार माणूसही.

मी खड्डे खणत होते. दगड फोडताना पूर्वी माझ्या अंगातून ठिणग्या उडत. आता माझ्या टोकाला ओली माती लागायची. पहिल्यांदा लागली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.

पण पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या आनंदावर विरजण पडले. मोठ्या हौसेने लावलेली रोपे माना टाकू लागली. वहिनी डोक्यावरून पाणी वाहून दमली, तरी निम्म्याहून जास्त रोपे वाळून काड्या झाली. टपरीवर चेष्टा सुरू झाली. "काय वहिनी, जळणाची शेती केली का?" त्यातच निरोप आला की या कामाला मदत देणारी मंडळी पावसाळा संपला की पाहणीला येणार आहेत. काम रुजले असे वाटले तर सगळ्यांना कायम करणार, नाहीतर काम बंद.

वहिनी वाळलेल्या रोपांपाशी मला मातीत रोवून बसली. "बाई, मी मोलमजुरीला जाते परत. मेलेल्या पोराला पाणी घालवत नाही माझ्याच्यानं."

गवतवाली बाई तिच्या शेजारी खालीच बसल्या. "आपण घाई केली, वहिनी. सगळ्यांना झाडं बघायची होती, मलाही. पण इथं मातीच नाही, तर झाड उभं कशावर राहणार? आता गवत लावू. गवत माती धरील, त्यात झुडपं येतील, त्यांच्या सावलीत झाडं."

"आणि पाहुण्यांना काय दाखवणार? गवत?"

"गवतच दाखवू. खरं आहे ते दाखवू."

वहिनीने एक वाळकी काडी उपटून बाजूला ठेवली. मग तिने मला धरून उठत विचारले, "कुठनं सुरू करायचं?"

पहिल्या सरी येताच डाव्या उतारावर गवताचे बी पडले. उजव्या उताराला पुरेल एवढे बी नव्हते, तो तसाच उघडा राहिला. डावीकडे हिरवी लव उठली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आले गं बाई डोंगराला केस! जावळ का होईना."

त्याच दिवसांत काडीपैलवान घरी परतला. खोकल्यामुळे रखवालदारी सुटली होती. बायको कामाला जाते याचे त्याला वाईट वाटत नव्हते. आपण घरी बसतो याचे वाटत होते. पण ते बोलायचे कसे? मग तो तिच्या कामालाच नावे ठेवी. "आम्ही डोंगर फोडले आणि तू गवत पेरतेस. तेही माझ्या पहारीनं!"

"पहार भिंतीला गंजत होती तेव्हा नाही आठवण आली?" वहिनी म्हणाली. तो उठून बाहेर गेला. मला दोघांचेही वाईट वाटले.

मग तो दिवस आला. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला. खाणीवरून राखणदार धावत आला. "वहिनी, उजवा उतार सुटला! धोंडा येऊन सांडव्यात अडकलाय. पाणी चढतंय!"

सांडवा बंद झाला तर तळ्याचे पाणी बांधावरून वाहणार, मातीचा बांध फुटणार आणि सगळा लोंढा वस्तीवर येणार. वहिनीने मला उचलले. "आई, सगळ्यांना वरच्या शाळेत घेऊन जा," असे सासूबाईंना सांगून ती पावसात धावत सुटली. मागून पावले वाजली. काडीपैलवान होता.

सांडव्याशी गवतवाली बाई आणि चार-पाच जण धोंड्याला रेटत होते. धोंडा जागचा हलत नव्हता आणि पाणी बांधाच्या काठापासून वीतभर खाली होते.

"थांबा!" काडीपैलवान खोकत ओरडला. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि धोंड्याभोवती हात फिरवत फिरला. "वहिनी— हे आपलं, अगं, ती पहार आण. इथं लाव, डावीकडं लोटू."

"डावीकडं नको," वहिनी म्हणाली. "तिकडं ढकलला तर बांधावर पडेल. पाणी उजवीकडं ओढतंय, मी रोज बघते. त्याच्या ओढीनंच जाऊ दे."

काडीपैलवानाने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग धोंडा उजवीकडे कलेल अशी फट शोधली आणि मला आत सरकवले. दोघांनी मिळून माझ्यावर भार टाकला. बाईंनीही हात लावला. मित्रांनो, आयुष्यात एवढे वजन मी कधी पेलले नव्हते. माझ्या अंगातून कळ गेली आणि मध्यावर मी वाकले. पण सुटले नाही. धोंडा एकदा कुरकुरला, डुलला आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर गडगडत ओढ्याकडे गेला. त्याच्यामागून पाणी मोकळे धावू लागले.

सगळे चिखलातच बसले. वहिनी रडत होती आणि हसतही होती. काडीपैलवान माझ्या वाकलेल्या अंगावरून हात फिरवत होता.

पाऊस ओसरल्यावर सगळ्यांनी वर पाहिले. उघडा उजवा उतार वाहून गेला होता. डाव्या उतारावरचे गवत भिजून आडवे झाले होते, पण खालची माती जिथल्या तिथे होती. काडीपैलवान कितीतरी वेळ तिकडे बघत राहिला. "एवढंसं गवत आणि अख्खा डोंगर धरून बसलंय की!" तो म्हणाला. वहिनीने आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. ती फक्त म्हणाली, "उजव्या बाजूला बांध घालायचेत. दगड ओळखणारा माणूस पाहिजे. धुळीचं काम नाही. येणार?"

पाहणीला आलेल्यांना वहिनीने दोन्ही उतार शेजारी शेजारी दाखवले. वाळलेली रोपेही लपवली नाहीत. काम कायम झाले. वस्तीतून पांगलेल्यांपैकी काही घरे पुन्हा उघडली. काडीपैलवानाचा खोकला पुरता गेला नाही, जाणारही नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण तो बांध घालतो, दम लागला की बसतो आणि नव्या पोरापोरींना दगडाची फट ओळखायला शिकवतो. आता तळ्यावर बगळे येतात. गवतात झुडपे आली आहेत आणि झुडपांच्या आडोशाला काही झाडे माझ्याहून उंच झाली आहेत.

मला लोहाराकडे नेऊन सरळ केले, तरी थोडा बाक राहिलाच. काम संपल्यावर मला पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या अवजारांनाही असेच ठेवत जा. गंजू देऊ नका. जमिनीचेही तेच आहे. वापरून झाली म्हणून टाकून दिली की ती धूळ होऊन घरात येते आणि चिखल होऊन दारात येते. तिच्याकडे परत गेलात, तिची निगा राखलीत, तर ती सावली देते, पाणी देते आणि हातांना कामही देते. मोठेपणी काय व्हायचे, असे तुम्हाला विचारतील तेव्हा हेही काम आठवा. बी ओळखणारे, पाणी मोजणारे, दगड रचणारे, रान राखणारे असे सगळे हात त्याला हवे आहेत.

टेकडीपलीकडे आणखी एक खाण बंद पडली आहे. तिथल्या लोकांनी वहिनीला शिकवायला बोलावले आहे. बियांच्या पिशव्या गाडीत चढल्या, सासूबाई पुढची जागा अडवून बसल्या आणि आता वहिनी माझ्याकडेच येते आहे. जमीन फार कठीण आहे म्हणतात तिथली. असू दे. येते मी.