धक्क्यावरची सासू

माझा भाचेजावई कलुबा पक्ष्यांचा शास्त्रज्ञ, पण सासूपुढे पदवी चालत नाही. आमच्या बांग्वेउलूच्या दलदलीत सासरच्यांनी मानाचं जेवण घालेपर्यंत जावयाने सासूच्या नजरेस पडायचं नसतं, थेट बोलायचंही नसतं, आणि कलुबाचं ते जेवण राहूनच गेलं होतं. सासू म्हणजे माझी थोरली बहीण. ती सकाळपासून धक्क्यावर माझ्या नावेला टेकून जाळं विणत बसली होती.

कलुबा माझ्या झोपडीत. तंबू, दुर्बीण, मक्याचं पीठ, सुकी मासळी, सगळं बांधून तयार. आत पाणथळीत बुटासारख्या चोचीच्या त्या मोठ्या पाखराचं घरटं होतं, अंडं फुटायला आलेलं. पिल्लू बाहेर येताना पाहिलं नाही तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. बाकीच्या नावा मासेमारीला गेलेल्या. झोपडीला दार एकच, तेही धक्क्याकडे. डालग्यातल्या कोंबडीसारख्या त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. मला हसू येत होतं आणि कीवही.

"मामा, त्यांना जरा उठवा ना."

"तिला उठवणारा अजून जन्मायचाय, जावईबापू."

तरी गेलो. बहिणीने मान वर केली नाही. ती जाळ्याशीच बोलली, पण झोपडीत ऐकू जाईल अशी. "गेल्या खेपेला माझी मुसोंदा नवऱ्याबरोबर आली होती. यंदा का नाही आली, एवढं कळलं की मी उठते."

कलुबाने बराच वेळ तग धरला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी तो आतून दुर्बिणीला म्हणाला, "तिला सातवा लागलाय. पाय सुजलेत. मीच म्हटलं, आईला कळवू नकोस, त्या मला पाखराकडे जाऊ देणार नाहीत."

बहिणीचा हात थांबला. "पाखराच्या अंड्याला राखण," ती जाळ्याला म्हणाली, "आणि माझी पोर एकटी."

शब्द दिल्याप्रमाणे ती उठली, आणि सरळ नावेत जाऊन बसली. "चोला, चल. मला कासामाच्या रस्त्याला सोड, पोरीकडे जाते."

सासू बसलेल्या नावेत जावयाला पाऊल ठेवता येत नाही. मी बांबू रेटला. मला त्याचा रागच आला होता, म्हणून मागे पाहिलं नाही.

मग पाण्यात आवाज झाला. कलुबा कमरेएवढ्या पाण्यातून, अंतर राखून नावेच्या मागे येत होता, हात रिकामे. दुर्बीण दारातच राहिली होती.

बहिणीने डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढलं.

"हळू ने रे," ती म्हणाली. "पुढे पाणी खोल आहे."