भामाच्या खोलीचा करंट

घरातला करंट कोण खातं हे शोधायला शेषाद्रीने कोइमतुरहून यंत्र मागवलं, तेव्हाच भामाला कळून चुकलं की चोर कोण हे आधीच ठरलं आहे. पुरावा तेवढा यायचा होता, आणि तो पार्सलने येत होता.

शेषाद्री तिचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे मुकाट्याने ऐकणारी पोरं हातची गेली होती आणि ऐकायला बायको नि बहीण एवढीच काय ती उरली होती. दिल्लीवाल्यांनी देशाचे दरवाजे उघडले, त्याचं अर्धं श्रेय हा गृहस्थ तंजावरच्या मेल वीधी या रस्त्यावरच्या घराच्या ओट्यावर बसून घेत असे. सरकारने सबसिड्या बंद कराव्यात, ज्याने त्याने आपल्या पायावर उभं राहावं, असं तो पेपरातून मान वर न काढता सांगे. ते सांगून होईपर्यंत कुणीतरी त्याची कॉफी त्याच्या हातात आणून ठेवी.

भामा ऐन तारुण्यात नवरा गमावून माहेरी परतली होती. रस्त्याकडची खोली भामाची, असं वडील जाताना म्हणाले होते. नुसतं म्हणाले होते. भाऊ असताना बहिणीला लिहून कशाला द्यायचं, असा तो काळ. आता त्याच खोलीवर एका कंप्युटर क्लासवाल्याचा डोळा होता. तंजावरात जिकडे तिकडे तसले क्लास निघत होते आणि आपल्या घराच्या तोंडाशी तशी एक पाटी लागावी असं शेषाद्रीला फार वाटू लागलं होतं. पण ‘खोली सोड आणि मद्रासला धाकट्या भावाकडे जाऊन राहा’ असं बहिणीच्या तोंडावर म्हणायची त्याची छाती होत नव्हती. भामाच्या खोलीत तिचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर होता. तो घरचं वाटे आणि शेजारच्या दोन-चार घरांचंही. शेषाद्रीने तोच निमित्ताला धरला.

यंत्र म्हणजे एक डबी. तिच्यावर लाल आकडे, आणि वायरीच्या टोकाला एक जाडजूड चिमटा. चिमटा मेन स्विचकडे येणाऱ्या वायरीला लावला की घरात त्या घटकेला किती करंट चालला आहे ते डबी सांगे, आणि दिवसाची बेरीजही धरून ठेवी. लावायला इलेक्ट्रिशियन बोलवावा तर मेनबोर्ड पडला देवघराला लागून, आणि तिथे परक्या माणसाचे पाय नकोत. तेव्हा अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्वतः स्टुलावर चढले. त्यांच्या बायकोने, सरोजावैनींनी, स्टूल धरलं.

शेषाद्रीने दोन्ही वायरी एकत्र जुळवल्या आणि ऐटीत चिमट्यात पकडल्या. डबीवर आकडा आला, शून्य. डोक्यावर पंखा गरगरत होता, स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता, आणि डबी म्हणत होती शून्य.

“पाहिलांत?” शेषाद्री वरून म्हणाला. “दिवसाच्या वेळीं आपण कांहीच वापरीत नाही. हें अस्कं, सगळेंच्या सगळें, रात्रीं जातें.”

“मग हा पंखा बृहदीश्वर फिरवितो म्हणायचा,” भामा म्हणाली.

पंख्याकडे पाहून शेषाद्रीचा चेहरा जो उतरला तो आठवडाभर उतरलेलाच. त्याने डबी हलवून पाहिली, कानाला लावून पाहिली, सेल बदलले, शेवटी कंपनीला कडक इंग्रजीत पत्र धाडलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की चिमट्यात एकच वायर धरावी. दोन्ही धरल्या तर जाणारा करंट आणि परतणारा करंट एकमेकांची वजाबाकी करून टाकतात. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे चित्रासकट छापलेलं होतं. पण पुस्तिका वाचणं हे विद्यार्थ्यांचं काम, प्राध्यापकांनी ते कशाला करावं?

यंत्र चालू झालं, आणि त्या दिवसापासून शेषाद्रीने घर डोक्यावर घेतलं. दिवा लावला की आकड्याकडे धाव, फ्रिज थरथरला की आकड्याकडे धाव. भामाने ग्राइंडर सुरू केला तेव्हा आकड्याने मोठी उडी मारली आणि शेषाद्रीचा चेहरा लग्नघरासारखा उजळला.

“हीच ती घरांतली सबसिडी,” तो बायकोला म्हणाला, पण ऐकू जाईल असं भामाला. “एक जण भरतो, दुसरा उधळितो. अशानें देश बुडाला.”

मग त्याने बेत सांगितला. पुढच्या आठवड्यात तिरुवैयारूहून बाळकृष्णमामा येणार होते. मामांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. तोवर प्रयोग चालेल. ग्राइंडर पूर्ण बंद. रोजचा आकडा उतरला तर करंट कोण खातं ते सिद्ध झालं. मग मामांच्या समक्ष भामाच्या मद्रासला जाण्याचं ठरवून टाकायचं.

“आणि तूं कशासही हात लावूं नकोस,” त्याने बजावलं. “एकही बटण नाही. प्रयोग शुद्ध पाहिजे.”

“एकही नाही?” भामाने विचारलं.

“एकदां सांगितलें ना.”

“सरी,” भामा म्हणाली.

तोंडाने सरी, म्हणजे बरं, म्हणाली खरी, पण मन मद्रासला जाऊन पोचलं. धाकट्याचा मद्रासचा फ्लॅट तिने पाहिला होता. जेवणाचं टेबल बाजूला सारून तिथे रात्री चटई घालायची आणि सकाळी कुणी उठायच्या आत गुंडाळायची, अशी तिथली तिची जागा. इथे निदान दार होतं, आतून कडी होती. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं? तेवढंही हा लाल आकड्याच्या जोरावर काढून घ्यायला निघाला होता आणि वर त्याला शास्त्र म्हणत होता. भामाला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा किळस जास्त आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने न्हाणीघराकडे वळली आणि बोळात थबकली.

शेषाद्री रोज सगळ्यांच्या आधी आंघोळ करी. पेन्शनीत निघताना त्याने हौसेने गीझर घेतला होता. गीझरचं बटण बोळात, न्हाणीघराच्या बाहेर. आत जाताना शेषाद्री न पाहता ते खाली दाबून जाई. बाहेर येई तो ओलेत्याने, सोवळ्यात. त्या बटणाला कामवालीपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात लागलेले, तेव्हा सोवळ्यातल्या माणसाने ते शिवायचं नाही. तो तसाच देवघरात जाई. मागून सरोजावैनी न्हाऊन तशाच सोवळ्यात चुलीपाशी. पूजा होई, नैवेद्य होई, जेवणं होत, पण गीझर नावाची वस्तू घरात आहे हे दोघांच्याही ध्यानीमनी नसे. गरम पाण्याचा नळ ठिबकत असल्यामुळे टाकी पुन्हा पुन्हा तापत राही. सोवळं सांभाळायचं तर घरात एक ओवळं माणूसही लागतं. दूध घ्यायला, दार उघडायला, टेलिफोन उचलायला. ते माणूस भामा होती. वैनी न्हाऊन बाहेर पडल्या की ती येता-जाता बटण बंद करी. कुणी तिला सांगितलेलं नव्हतं आणि तिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आज तिचा हात बटणापर्यंत गेला. गीझरचा लाल दिवा जळत होता. एकही बटण नाही, असं सांगितलं होतं. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि खोलीत जाऊन बसली.

संध्याकाळी शेषाद्रीने बेरीज पाहिली. आकडा चढला होता. दुसऱ्या दिवशीही चढलेलाच. ग्राइंडर तर फडक्याखाली झाकून ठेवलेला. शेषाद्रीने चिमटा काढून पुन्हा लावला, मग दुसऱ्या वायरीला लावला, मग फ्रिज बर्फ साचून करंट पितो असं ठरवून वैनींकडून तो रिकामा करवला. दूध नासलं, आकडा होता तिथेच. मग त्याने शेजारचे लोक भिंतीतून वायर ओढतात काय हे पाहायला गच्चीवर चक्कर मारली. सगळं करून भागल्यावर त्याचा संशय फिरून भामावरच आला आणि त्याने भामाच्या खोलीचा फ्यूज काढून खिशात घातला.

भामा समई लावून बसली. मे महिन्यातला उकाडा, पंखा नाही, पुठ्ठ्याने वारा घेत ती त्या लाल आकड्यांना मनातल्या मनात म्हणत होती, चढा, आणखी चढा. पण मधूनच तिला वाटे, मामा येतील, अण्णा काही तरी इंग्रजी बोलेल, मामा मान डोलावतील आणि माझी ट्रंक बाहेर निघेल. आकडा खरं बोलतो म्हणून ऐकणारा खरं ऐकेल याचा काय भरवसा?

बाळकृष्णमामा सकाळच्या बसने आले. न्हाणीघरात जाऊन त्यांनी गरम पाण्याने बराच वेळ पाय शेकले आणि हॉलमध्ये येऊन टेकले. शेषाद्रीने डबी त्यांच्यासमोर तिपाईवर मांडली. आकडा चांगला टुमटुमीत होता.

“यंत्र थोडें बिघडलें आहे,” त्याने आधीच सांगून टाकलं. “तरी कोठें जातें तें एकेक फ्यूज काढून दाखवितों. भामाची खोली तर बंदच आहे.”

“बंद आहे?” मामा म्हणाले. “मग तिची काय गोष्ट काढतोस?”

शेषाद्रीने ते ऐकलं नाही. स्टुलावर चढून त्याने हॉलचा फ्यूज काढला. पंखा थांबला, आकडा किंचित उतरला. स्वयंपाकघराचा काढला, आणखी किंचित. मग मागल्या बोळाचा काढला आणि आकडा धपकन खाली आला. पुन्हा घातला, आकडा वर. पुन्हा काढला, खाली. त्याने चार वेळा घातला-काढला, जणू पाचव्या वेळी त्याची चूक निघणार होती.

“मागें काय आहे?” मामांनी विचारलं.

सरोजावैनी उठून पाहून आल्या. “गीझर लावलेलाच आहे,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

“कोणी ठेविला लावून?” शेषाद्री कडाडला.

“प्रथम तुम्हीच न्हातां.”

“मी सोवळ्यांत असतों.”

“मीही सोवळ्यांत असतें.”

मामांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग इतके दिवस बंद कोण करीत होतें?”

सरोजावैनींची नजर भामाकडे वळली. एवढं शिकलेलं घर, पण हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. भामाला वाटलं होतं, या घटकेला तिला हसू येईल. हसू आलं नाही, डोळे भरून आले. चोर ठरवलं त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. रोज सकाळी आपण या घरात काही करतो हे एकाही जिवाला ठाऊक नव्हतं, ते लागलं.

मग शेषाद्री भामावर घसरला. “तुजला दिसत होतें तर बंद काय म्हणून केलें नाहीस? आठवडाभर करंट फुकट घालविलास.”

“तूंच सांगितलेंस. एकही बटण नाही म्हणून.”

“बरें, झालें गेलें.” शेषाद्री स्टुलावरून उतरला. पराभवातही मोठेपणा मिरवायची कला त्याला साधली होती. “तूं राहा इथेंच, माझी कांही हरकत नाही. उद्यांपासून तेवढें बटण बंद करीत जा.”

इथे मामा उठले असते आणि सगळं मिटलं असतं. एरवी भामाही मूग गिळून आत गेली असती. पण बटण बंद करायच्या अटीवर मिळालेली खोली तिला नको होती. आज बटणासाठी राहा म्हणणारा उद्या बटण आत बसवून घेईल आणि जा म्हणेल.

“मामा,” ती म्हणाली, “अण्णास मोजायची फार हौस आहे. मग माझें वेगळें मोजूं दे. माझ्या खोलीस वेगळा मीटर, माझ्या नांवाचा. माझा करंट मी भरीन. अण्णा मालक आहे, त्यानें हो म्हटलें कीं वीज बोर्डाचा माणूस येऊन लावील.”

शेषाद्रीचा चेहरा पडला. अर्थशास्त्र नाही तरी एवढं त्याला तत्काळ कळलं. सरकारी मीटर एकदा भिंतीवर बसला की त्याच्यावरच्या नावाला उचलून मद्रासच्या गाडीत घालता येत नाही. एका घराला दोन मीटर म्हणजे लोक काय म्हणतील, घराणं काय, परंपरा काय, असं तो बरंच बोलला. उदारीकरणाचं नाव त्याने काढलं नाही.

मामांनी ऐकून घेतलं. “सबसिडी बंद करायची म्हणत होतास ना?” ते म्हणाले. “मग ती बंद होते आहे. हो म्हण.”

महिन्याभरात वीज मंडळाचा सांबशिव खांद्यावर शिडी घेऊन आला. त्याने भामाच्या दाराशेजारी भिंतीला भोकं पाडली, नवा मीटर बसवला आणि ओट्यावर उभ्या असलेल्या शेषाद्रीकडे वळून तमिळमध्ये विचारलं, सार, मीटर सत्यभामाबाईंच्या नावाने आहे, त्या इथेच राहतात का, मालकाने सांगावं लागतं. समोरच्या घरातल्या बायका पायरीवर येऊन उभ्या होत्या. नारळवाला सायकल थांबवून पाहत होता. शेषाद्री पुटपुटल्यासारखं काही बोलला.

रस्त्यावरून बस जात होती. सांबशिवाला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं.

“माझी बहीण,” शेषाद्रीला मोठ्याने सांगावं लागलं. “इथेच राहते.”