तापलं की गप्प बसणारं भूत

सकाळी गल्लीत धुकं दाटलेलं असायचं आणि धुक्यात माणसं. शाली, मफलर, कानटोप्या गुंडाळून सगळी नाक्यावरच्या चष्म्यांच्या दुकानदाराच्या, चष्मेवाल्याच्या गाडीभोवती रिंगण करून उभी राहायची. चष्मेवाल्यानं किल्ली फिरवली की इंजिन खोकायचं, थरथरायचं, आणि बॉनेटच्या आतून कोणीतरी दार ठोठावावं तसा आवाज सुरू व्हायचा. टक, टक, टक.

"ऐकलंत?" मौनीबाबा म्हणायचा. त्याला मौनी का म्हणत कोण जाणे, त्याचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. "आधीचा मालक आत अडकलाय. सुटकेसाठी वाट मागतोय. बाईमाणूस दिसलं की त्याला वाटतं, हिच्यातून निघू."

बाईमाणूस म्हणजे चष्मेवाल्याची बायको. चारी काचा बंद करून तिला मागच्या सीटवर बसवलेलं असायचं. बाबा तांब्याच्या कांडीनं बॉनेटवर ताल धरी, पुटपुटे, डोळे फिरवी, आणि ठोठावणं हळूहळू मंदावत थांबे. रोज, न चुकता. लोक सुटकेचा श्वास टाकत. मग तिला बाहेर काढत, तेव्हा तिला धड उभं राहवत नसे. डोळे जड, जीभ अडखळलेली.

"झगडतोय तो," बाबा समाधानानं सांगे. "सुटत आलाय."

गर्दीच्या मागे तिची मोठी बहीण उभी असायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची, गल्लीची मास्तरीणबाई. भूतबीत काही नसतं, हे सांगता सांगता तिचे केस पांढरे झाले होते. पण हा आवाज कसला, ते काही तिला सांगता येत नव्हतं, आणि त्यावाचून तिच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नव्हती.

"हा खेळ बंद करा," तिनं धाकटीच्या नवऱ्याला बजावलं.

"मग आवाज कसला ते सांगा, ताई."

"मला माहीत नाही."

"झालं तर मग."

"माहीत नाही म्हणजे भूत आहे, असा अर्थ होत नाही."

"तुमच्या सांगण्यावरून गाडी मिस्त्रीकडे नेली की नाही? काय झालं तिथं?"

तिथं जे झालं त्यानं मास्तरीणबाईंचीच पंचाईत झाली होती. गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथपर्यंत पोचेस्तोवर गाडी शहाण्या पोरासारखी गप्प. मिस्त्रीनं कान लावला, इंजिन गरगरवलं, पुन्हा कान लावला. "साहेब, डोळ्यांचं दुकान आहे ना तुमचं? आता कानांचंही काढा," म्हणाला आणि हात पुसत आत गेला. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तर त्यानं बॉनेटही उघडलं नाही.

मौनीबाबाला हे कळल्यावर तो खूश झाला. "जाणकारासमोर तो तोंड उघडत नाही. लबाड आहे मोठा." लोकांनी माना डोलावल्या. जे मिस्त्रीला ऐकू आलं नाही ते आपल्याला आलं, यात त्यांना जरा मानही वाटला असावा.

धाकटी टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. नवरा दुकानात जाताना तिला रोज सोडायचा. थंडी सुरू झाल्यापासून ही डोकेदुखी लागली होती मागे.

"कोणी आतून पिळून काढतंय असं होतं, ताई. गाडीत बसले की सुरू, दुपारपर्यंत बरी. सुट्टीच्या दिवशी काहीच नाही. मग मी काय समजायचं?"

मास्तरीणबाईंनी तिला डॉक्टरकडे नेलं. तेही दुपारी, शाळा सुटल्यावर. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं. त्यांच्यासमोर धाकटी अगदी ठणठणीत होती. गाडी काय आणि बहीण काय, दाखवायला न्यावं तर दोघींचं दुखणं पळून जाई.

मग कडाक्याच्या थंडीची ती सकाळ आली. त्या दिवशी बाबाचा मंत्र संपता संपेना. थंडी जितकी जास्त तितकं भूत हट्टी, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. मास्तरीणबाईंना राहवेना. गर्दीतून वाट काढत त्या गाडीशी आल्या.

"मी बसते तिच्याजवळ."

"बसू द्या," बाबा हसला. "विज्ञानालाही दर्शन होऊ दे."

आत उबदार होतं. पुढून गरम वारा येत होता. धाकटीनं ताईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेर तोंडं हलताना दिसत होती, कांडी वर-खाली होत होती. थोड्याच वेळात मास्तरीणबाईंच्या कानशिलांत घण पडू लागले. त्यांनी धाकटीला हाक मारली, हलवलं. ती उठेना.

दाराची कडी सापडली, पण बाबाच्या आज्ञेनं दोघांनी दार बाहेरून दाबून धरलं होतं. बाईंनी तळहातानं काच बडवली. बाहेर एकच कुजबुज झाली.

"बघा, आता काचेवर ठोठावतोय. मोठीलाही धरलं."

मास्तरीणबाई ओरडत होत्या, ते लोकांना भूतच ओरडतंय असं वाटत होतं. जन्मभर वर्ग गप्प करणारा तो आवाज चार बोटांवर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत पोचत नव्हता. हात शिशासारखे झाले होते. कशीबशी त्यांनी काचेची मूठ फिरवली. बोटभर फट पडली आणि थंडगार वारा तोंडावर आला.

"इंजिन बंद करा. हवा विषारी आहे. ती मरेल."

चष्मेवाल्यानं बायकोची कलंडलेली मान पाहिली. दार धरणाऱ्यांना ढकलून त्यानं ते उघडलं आणि किल्ली ओढली.

इस्पितळात धाकटीच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "बंद काचा आणि चालू इंजिन? हे रोज?" "रोज," चष्मेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी थंडगार गाडीचं बॉनेट सगळ्यांदेखत उघडायला लावलं. धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ इंजिनाला जोडलेला होता. त्या सांध्यावर कंदिलाच्या काचेवर धरावी तशी काजळी धरली होती. त्यांनी कागदाची पट्टी तिथं धरली. इंजिन सुरू झालं, आणि प्रत्येक 'टक'बरोबर पट्टी फडफडली. सांध्यात फट होती. तिच्यातून धूर झटक्याझटक्यानं फुटत होता, आणि शेजारच्याच हीटरच्या झडपेतून, उबेच्या वाऱ्याबरोबर गाडीत जात होता. जरा वेळानं पट्टी शांत झाली. आवाजही.

"लोखंड तापलं, फुगलं, फट मिटली," त्या म्हणाल्या. "दर वर्षी मुलांना तापलेला गोळा कड्यातून जात नाही ते दाखवते मी. मंत्र नुसता लोखंड तापेपर्यंत चालायचा."

"मग मला कसं काही झालं नाही?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"गाडी चालवताना तुमची काच सिगारेटसाठी उघडी असते. आणि इथं तुम्ही बाहेर उभे राहायचात."

मिस्त्रीनं सांध्यातलं जळलेलं पॅकिंग बदललं. मौनीबाबा पलीकडच्या गल्लीत गेला, आणि काही लोक त्याच्यामागे तिकडेही गेले. त्यांना अडवणं मास्तरीणबाईंना जमलं नाही.

धाकटी वाचली. पण अर्ध्या गावाचे नंबर जिच्या जिभेवर असायचे, ती आता घरचा नंबर सांगतानाही मध्येच थांबते. एकदा तिनं सहज विचारलं, "ताई, इतकं सोपं होतं तर आधी का नाही कळलं ग?" ताईंनी तिचा हात हातात घेतला.

वाचकहो, भुताकडे कोणी पुरावा मागितला नाही; तो मागितला शंका घेणाऱ्या बाईकडे. तुमच्या घरात कोणी "मला माहीत नाही, पण बघू या" म्हणालं, तर त्याला हसू नका. त्याला बघू द्या, आवाज असेल तेव्हा बघू द्या. आणि तोवर निदान काच तरी खाली करा.